‘बरें झालें’ कोणी म्हणायचं?

संकट हाच खरा गुरू, असं सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. २०२० आणि २०२१ मध्ये तर त्यांना ऊत आला होता. एकीकडे ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी फोनाफोनी चालू आणि त्याच फोनवर मधूनमधून येऊन पडणारे संदेश: निसर्ग माणसाला धडा शिकवतोय, ही अंतर्मुख व्हायची वेळ आहे, जे जातंय ते तुमच्या भल्यासाठीच जातंय. हे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पगार चालू होता आणि घरातली माणसं जागेवर होती, हे वेगळं सांगायला नको. साथ ओसरली, भाषा मात्र राहिली. आता ती कर्जात रुतलेल्याला, नोकरी गेलेल्याला, कॅन्सरच्या वॉर्डाबाहेर बाकावर बसलेल्याला, सगळ्यांना एकाच मापाने वाटली जाते. कोणी तिला प्रारब्ध म्हणतं, कोणी ‘युनिव्हर्सचा प्लॅन’. माल तोच.

मला यातलं अर्धंच पटतं. दुःखातून काही माणसं मोठी होतात हे खरं आहे. बरीचशी मोडतात हेही तितकंच खरं, पण मोडलेल्यांना व्याख्यानाला कोणी बोलावत नाही, म्हणून त्यांची बाजू आपल्या कानावर येत नाही. तरी माझा मुख्य आक्षेप या हिशोबावर नाही. माझा आक्षेप बोलणाऱ्यावर आहे. ‘झालं ते बरंच झालं’ हे वाक्य ज्याच्यावर बेतलं त्याचं आहे. त्याला वाटलं तर, वाटेल तेव्हा त्याने ते म्हणावं. दुसऱ्याने त्याच्या तोंडावर म्हणणं हा आगाऊपणा आहे आणि बऱ्याचदा तो बोलणाऱ्याच्या सोयीचा असतो.

यावर लगेच तुकोबा पुढे केले जातात. ‘बरें झालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली’ हा अभंग मराठी माणसाला शाळेपासून ऐकून माहीत असतो. दिवाळं निघालं ते बरं, दुष्काळाने पिडलं ते बरं, जगात अपमान झाला तो बरा, धन आणि गुरंढोरं गेली तीही बरी. एवढा मोठा माणूस म्हणतो, मग तुम्ही कोण रडणारे, असा त्याचा वापर होतो. म्हणून तुकोबांपासूनच सुरुवात करू.

१६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरात होरपळून काढणारा दुष्काळ पडला. तुकोबा तेव्हा विशी नुकती ओलांडलेले, देहूतल्या सावकारी आणि वाण्याच्या व्यवसायातले, बऱ्यापैकी खातंपितं घर. आईवडील आधीच गेले होते. दुष्काळात पैसा आटला, मान गेला आणि पहिली बायको ‘अन्न अन्न करितां मेली’. हे शब्द त्यांचेच आहेत, ‘याती शूद्र वंश केला वेवसाव’ या अभंगातले. त्याच्या पुढची ओळ प्रवचनात फारशी येत नाही: ‘लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें’. लाज. बायको उपाशी मेली याची, धंद्यात खोट आल्याची, गावात तोंड दाखवायची. ज्या माणसाने पुढे ‘बरें झालें’ लिहिलं त्याला आधी लाज वाटली होती आणि ती त्याने लपवली नाही.

हा अभंग मला ‘बरें झालें’पेक्षा मोठा वाटतो. तो उपदेश नाही, जबानी आहे, आणि तीसुद्धा विचारल्यावर दिलेली. ‘नये बोलों परि पाळिलें वचन । केलियाचा प्रश्न तुम्ही संतीं’: खरं तर हे बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारलंत म्हणून सांगतो. मग दुःखानंतर काय काय केलं ते येतं. देवाचं देऊळ भंगलं होतं, ते नीट करावंसं वाटलं. एकादशीला कीर्तन करू लागलो, पण आधी त्यात चित्त नव्हतं. संतांची काही वचनं पाठ केली. जे पुढे उभं राहून गातात त्यांच्या मागे धृपद, म्हणजे पालुपद, धरलं. जमेल तो उपकार केला, शरीर कष्टवलं. कवित्वाची स्फूर्ती त्यानंतर आली.

यात कुठेही दुःख आपोआप काही शिकवत नाही. बायको गेली आणि ज्ञान झालं, असा सांधा तुकोबा जोडत नाहीत. मधे पडकं देऊळ आहे, पाठांतर आहे, दुसऱ्याच्या मागे उभं राहून टाळ वाजवणं आहे, राबणं आहे, आणि सुरुवातीला मन लागत नव्हतं ही कबुलीही आहे. परंपरा सांगते की कर्जखतांपैकी भावाच्या वाटणीची त्याला देऊन स्वतःच्या वाटणीची त्यांनी इंद्रायणीत बुडवली. दुष्काळात सगळेच बुडालेले, अशा वेळी सावकाराने खतं बुडवणं म्हणजे काय हे कुठल्याही कर्जदाराला समजावून सांगावं लागणार नाही. स्वतःच्या दुःखातून आलेलं शहाणपण खरं की खोटं, हे तपासायला याहून चांगली कसोटी मला माहीत नाही: त्याने दुसऱ्या कोणाचं ओझं कमी झालं का? नुसती मनःशांती मिळून थांबलं असेल तर ते ज्याचं त्याला लखलाभ, पण त्याला मार्गदर्शन म्हणून बाजारात आणू नये.

मानसशास्त्रातही याच्या जवळ जाणारं काम झालं आहे. आघातानंतर माणसात होणाऱ्या वाढीचं मोजमाप रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकी अभ्यासकांनी १९९६ मध्ये मांडलं. वाढ आघातातून होत नाही, आघातानंतर माणूस जी झुंज देतो तिच्यातून होते. आणि वाढ झाली म्हणून वेदना संपत नाही, दोन्ही एकाच घरात नांदतात, हे त्यांचं म्हणणं. आपल्याकडच्या व्याख्यात्यांनी त्यातलं ‘वाढ’ तेवढं उचललं.

आता हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून कसं ऐकू येतं ते पाहू. पुणे, अहिल्यानगर, नाशिक या पट्ट्यात दशक्रियेला प्रवचन ठेवायची रीत आहे. नदीकाठी घाटावर पिंडदान होतं, कावळा शिवायची वाट पाहिली जाते, मांडवात तासभर महाराजांचं निरूपण आणि मग कारखान्याच्या संचालकांपासून पंचायत समितीच्या सदस्यापर्यंत सगळ्यांच्या श्रद्धांजल्या. मला ही रीत मुळात आवडते. मेलेल्या माणसाच्या निमित्ताने गाव तासभर एका जागी बसतं आणि काही बरं ऐकतं, ही लहान गोष्ट नाही. काही महाराज तर मयताच्या घरच्यांची आधी चौकशी करून येतात, दारूवर बोलतात, म्हाताऱ्या आईबापांना टाकू नका म्हणून पोरांना भर मांडवात खडसावतात. पण पस्तिशीतला कर्जबाजारी पोरगा गेलेला, बायको दोन लेकरं घेऊन पुढे बसलेली, आणि स्पीकरवर सांगितलं जातंय की देव ज्याच्यावर प्रेम करतो त्यालाच दुःख देतो, तुकोबांना बघा. तिने काय बघायचं? तुकोबांनी हे वाक्य शेजारणीला ऐकवलं नव्हतं.

ज्यांना हे अवाजवी वाटतं त्यांनी गाथा उघडावी. त्याच तुकोबांचा ‘बाइल मेली मुक्त जाली’ हा अभंग तिथे आहे, आणि त्यातच ‘पोर मेलें बरें जालें’ असंही आहे. हा अभंग दहाव्याला निरूपणासाठी घ्यायची कोणाची छाती आहे? कोणी घेत नाही, कारण पोर गेलेल्या बापाने स्वतःबद्दल हे म्हणणं आणि पाहुण्याने त्याला ते म्हणणं यातलं अंतर प्रत्येकाला आतून ठाऊक असतं. मग दिवाळं आणि दुष्काळ याबाबतच ते अंतर का विसरायचं? मला वाटतं, गरिबाचं दुःख आपल्याला पोराच्या मरणाइतकं खरं वाटत नाही, म्हणून.

तुकोबांच्या या हक्कालाही एक मर्यादा आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. ‘बरें जालें देवा बाईल कर्कशा’ ही ओळ जिजाईवर आहे, त्यांच्या दुसऱ्या बायकोवर. नवरा डोंगरावर नामस्मरणात, खतं नदीत, घरात लेकरं आणि मडक्यात दाणा नाही. आख्यायिका सांगतात की ती त्यांच्यासाठी भाकरी घेऊन भंडाऱ्याचा डोंगर चढायची. तिच्या त्या चढण्यातून तिची आध्यात्मिक उन्नती झाली का, हा प्रश्न साडेतीनशे वर्षांत फार थोड्यांना पडला. एकाच्या साधनेचा खर्च घरातलं दुसरं माणूस भरत असतं आणि त्याची पावती कर्कशा या नावाने फाटते. हे आजही चालू आहे. आत्मशोधाला निघालेल्या पुरुषांच्या मागे कोणाची तरी नोकरी असते.

यावर प्रामाणिक माणसाचा एक आक्षेप येतो. लोकांना अर्थ हवा असतो. पोर का गेलं, मलाच का, हे विचारणारी माणसं स्वतःहून महाराजांकडे जातात, आणि प्रारब्ध या उत्तराने त्यांना झोप लागते. ती झोप हिरावणारे तुम्ही कोण? हा आक्षेप मी हलका मानत नाही. ज्या बाईने स्वतः ‘माझे भोग’ म्हणून मन घट्ट केलं आहे तिच्याशी वाद घालायला मी जाणार नाही. तिने उचललेला अर्थ तिचा आहे. पण ‘माझे भोग’ आणि ‘तुझे भोग’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात सहन करणं आहे, दुसऱ्यात निवाडा आहे. आणि हा निवाडा जेव्हा एका माणसापुरता न राहता जातीला, वस्तीला, एखाद्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना लावला जातो तेव्हा काय होतं याचा दाखला आपल्याच परंपरेत, पंढरपूरच्या महाद्वारासमोर आहे.

संत चोखोबा मंगळवेढ्याचे, अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार जातीतले. १३३८ मध्ये तिथल्या गावकुसाचं काम चालू असताना कूस कोसळून ते त्याखाली गाडले गेले. ते काम वेठीचं होतं. हयातभर त्यांना विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकता आलं नाही. मेल्यावर समाधी झाली तीही महाद्वाराबाहेर. या माणसाच्या अभंगांत गोडवा आहे तसा आकांतही आहे. ‘धांव घालीं विठू आतां चालूं नको मंद’, बडवे मला मारतायत, असं तो देवाला सांगतो. देवा, तू यातून मला काय शिकवतो आहेस, असं विचारत बसत नाही. लवकर ये म्हणतो. त्याची बायको सोयराबाई ‘देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध’ असा थेट सवाल टाकते.

या अभंगांना आपण डोक्यावर घेतलं. कीर्तनांत गायलं, पाठ केलं, रडलो. दार मात्र बंद ठेवलं. ते उघडायला मे १९४७ उजाडावा लागला, साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. १३३८ ते १९४७ म्हणजे सहाशे नऊ वर्षं. दुःखातून पिकलेलं फळ गोड लागतं म्हणून ते दुःख चालू ठेवणारा समाज आपण होतो, आणि तेवढं पुरेना म्हणून की काय, त्यालाच भक्तीचा महिमा म्हणत होतो. डॉ. आंबेडकरांनी जातिव्यवस्थेवरच्या वादात गांधीजींना उत्तर देताना संतांविषयी कठोर लिहिलं: त्यांचं लक्ष माणूस आणि देव यांच्या नात्याकडे होतं, माणसामाणसातल्या झगड्याकडे नव्हतं. वारकऱ्यांना हे झोंबतं. पण त्याच आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या उगमावरचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. त्यांचा राग चोखोबांवर नव्हता. चोखोबांच्या वेदनेचं भजन करून दार न उघडणाऱ्यांवर होता, असं मी समजतो.

म्हणून ‘संघर्षातून उन्नती’ हे शब्द ऐकले की मी आधी विचारतो, हा संघर्ष टाळता येण्यासारखा होता का? म्हातारपण, मृत्यू, विरह हे कोणाला चुकलेले नाहीत. तिथे अध्यात्माला काही बोलायला जागा आहे. पण दुष्काळात उपाशी मरणं टाळता येतं. १९७२ च्या दुष्काळाने ते दाखवलं. खडी फोडायला, पाझर तलाव खणायला लाखो माणसं कामावर आली, वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढे २००५ मध्ये देशाने तो मार्ग धरला. मागेल त्याला काम. तुकोबांच्या घरात जे घडलं ते पुन्हा कोणाच्या घरात घडू नये, याची तजवीज करणं हे मला तुकोबा वाचण्याचं सर्वांत थेट फळ वाटतं, मग ती करणाऱ्यांनी गाथा उघडली असो वा नसो.

इथवर फक्त दुःखाचं बोलणं झालं, आणि तेच या सगळ्या व्यवहारातलं दुखणं आहे. आपल्याकडचा मार्गदर्शनाचा धंदा दुःखावरच का उभा आहे? कारण दुःखी माणूस गिऱ्हाईक असतो. ज्याला पहिल्या पावसानंतर बांधावर उगवलेलं गवत बघून भरून येतं तो तीन दिवसांच्या निवासी शिबिराचे पैसे कशाला भरेल? त्यामुळे नवल हा गुरू मागे पडला. आपल्या परंपरेत त्याला दुःखाच्या बरोबरीचं आसन होतं. सावता माळी सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे. मळा सोडून ते पंढरपूरलाही गेले नाहीत असं सांगतात. आणि देवाला भेटायचं तर देवाची पालखी अरणला येते. ‘कांदा मुळा भाजी । अवघी विठाबाई माझी’ हे कोणी हालअपेष्टांतून शिकलेलं वाक्य नाही. रोज पाणी देताना, खुरपताना, एवढ्याशा बियातून एवढं मोठं काही वर येताना पाहून सुचलेलं आहे.

बायकांचं तर सगळं अध्यात्म पहाटेच्या जात्यावर झालं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. त्या चाळताना एक गोष्ट पुन्हापुन्हा जाणवते. सासुरवासाची तक्रार, भावाची वाट, पंढरीचा विठ्ठल, तुळस, पहिलं गर्भारपण, पाऊस, सगळं एकाच दळणात येतं. इथे दुःखाचा तास वेगळा आणि आनंदाचा वेगळा असं नाही. आणि कोणी कोणाला शिकवत नाही. समोरची बाई खुंट्याला हात लावते आणि दुसरी ओवी उचलते. विजेची गिरणी आली, हाताचे घट्टे गेले, ते फार चांगलं झालं. दोन बायकांनी अंधारात एकमेकींसमोर बसून मन मोकळं करायची जागा त्याबरोबर गेली, आणि तिची सोय कोणी दुसरीकडे केली नाही. बचतगटाच्या बैठकीत ती थोडीफार सापडते, हप्त्यांचं बोलणं झालं की.

तुकोबांनाही नवलाने हात दिला होता. ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’ हे म्हणणारा माणूस तोच, ज्याची बायको भुकेने मेली. आज ती ओळ शाळांच्या भिंतींवर आहे, वनखात्याच्या फलकांवर आहे, वृक्षारोपणाच्या निमंत्रणपत्रिकेवर तर हमखास असते. आणि भंडाऱ्याच्या डोंगराजवळून वाहणाऱ्या इंद्रायणीवर आळंदीत पांढरा फेस तरंगतो, वारकरी त्यातच उतरून आंघोळ करतात, दरवर्षी त्याचे फोटो छापून येतात. चोखोबांचे अभंग आणि बंद दार, तुकोबांची वृक्षवल्ली आणि फेसाळलेली नदी, ही एकच सवय आहे. वचन घ्यायचं आणि ज्यावरून ते आलं त्याच्याकडे पाठ करायची.

मग संकटातल्या माणसाला सांगायचं काय? काही सांगायलाच हवं असं नाही. ‘गाती पुढें त्यांचें धरावें धृपद’ या ओळीत जे आहे ते पुरेसं आहे. पुढे त्याला उभं राहू द्यावं, त्याला गायचं असेल ते गाऊ द्यावं, रडायचं असेल तर रडू द्यावं. आपण मागे राहून धृपद धरावं. व्यवहारात याचा अर्थ अगदी साधा आहे. बँकेत त्याच्याबरोबर जाणं. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे घालणं. या हंगामात त्याचं रान कोण पेरणार हे विचारणं. आणि महिनोन्महिने झोप नसेल, जगणं नकोसं झाल्याची भाषा येत असेल तर त्याला अभंग न ऐकवता डॉक्टरकडे नेणं. सरकारचा १४४१६ हा मानसिक आरोग्याचा मदत-क्रमांक रात्रीही चालतो. नैराश्य हा आजार आहे, साधनेतली पायरी नाही. हे दहाव्याच्या मांडवात एका महाराजांनी स्पीकरवरून सांगितलं तर शंभर माहितीपत्रकांपेक्षा जास्त काम होईल, कारण गाव त्यांचं ऐकतं.

तक्रारीलाही जागा हवी. आपण भक्ती म्हणजे निमूट सोसणं असं समजून बसलो आहोत, पण तुकोबांनी अभंगांच्या वह्या बुडवल्या गेल्यावर देवाच्या दारात धरणं धरलं होतं. ‘बुडविल्या वह्या बैसलों धरणें’, त्यांच्याच जबानीत आहे. आणि वारीने तर तक्रारीची रीतच घालून दिली आहे. माउलींच्या पालखी सोहळ्यात संध्याकाळी तळावर समाज आरती होते. चोपदार चोप उंचावतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. मग तिच्याकडे जाऊन काय झालं ते विचारलं जातं, आणि निवाडा होतो. इतक्या मोठ्या भक्तिमेळ्यात शांततेच्या वेळी आवाज करत राहण्याची मुभा तक्रारदाराला आहे, आणि त्यासाठी त्याला कोणी अश्रद्ध म्हणत नाही. दुःखात सकारात्मक राहा म्हणणाऱ्यांनी ही एक संध्याकाळ तळावर उभं राहून बघावी.

महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना जीव द्यावा लागला. चमत्काराचा दावा करून लुबाडणारा त्यात सापडू शकतो. ‘तुझ्या उन्नतीसाठीच तुझा मुलगा गेला’ म्हणणारा सापडणार नाही, आणि सापडूही नये. बोलण्यावर पोलीस बसवून काही भलं होत नाही. हे काम आपल्यालाच करावं लागेल, मांडवात बसलेल्यांना. निरूपण ऐकून घ्यावं आणि नंतर महाराजांना बाजूला घेऊन नम्रपणे विचारावं की हे वाक्य तुम्ही स्वतःच्या घरातल्या मयतीला म्हणाला होतात का. म्हणाले असतील तर पाया पडावं. शिबिरवाल्यांना विचारायचं ते निराळं: फी किती, आणि ती परवडत नाही त्याच्या दुःखाचं काय?

तुकोबांना गुरू भेटला तो स्वप्नात, गंगास्नानाला जाताना वाटेत. त्याने डोक्यावर हात ठेवला, जेवणाला पावशेर तूप मागितलं, आणि स्वप्नातच शिष्याला त्याचा विसर पडला. गुरूने बाबाजी हे आपलं नाव सांगितलं आणि ‘राम कृष्ण हरि’ हा मंत्र दिला, जो पोरासोरांच्याही तोंडी असतो. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. पुढची पायरी नाही, गुप्त विद्या नाही, दुसरा वर्ग नाही. तूपसुद्धा पोचलं नाही. हा सगळा प्रसंग तुकोबांनी लिहून ठेवला, आणि ‘परी नाहीं घडली सेवा कांहीं’ अशी खंतही. संकटात सापडलेल्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवणाऱ्या प्रत्येकाकडून, पाकीट घेणारे असोत वा ऑनलाइन फी घेणारे, एवढी तरी अपेक्षा मी ठेवतो: मागणी पावशेर तुपाच्या पुढे जाऊ नये, आणि ती पुरी झाली नाही म्हणून हात मागे घेऊ नये.